सीझन संपेपर्यंतची दाढी

इथल्या, सिंगापूरच्या, मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणारी माझी मैत्रीण परवा घरी आली, सोफ्यावर टेकली आणि म्हणाली, "मेधा, तुझ्या आजारपणाबद्दल लिही ना. वाचणाऱ्यांना धीर येईल." मी म्हटलं, बाई, लिहिते, पण धीर माझ्याकडे मागू नकोस. मी बरी झालेली नाही आणि होणारही नाही. तरी लिहायला बसले, कारण हा आजार कळला तेव्हा मी स्वतः असं काही वाचायला शोधत होते आणि जे सापडलं ते सगळं 'मी कॅन्सरला हरवलं' छापाचं होतं. ज्यांना हरवता आलं नाही त्यांच्यापैकीही कोणीतरी लिहायला हवं की नको?

एक आधीच सांगते. यात आईस हॉकी बरीच येईल. त्याला माझा इलाज नाही. आमच्या घरात हा आजार आणि तो खेळ बरोबरच शिरले.

किती बारीक झालीस

गेल्या गणपतीत मंडळात गेले तर जी भेटेल ती म्हणे, "अगं, किती बारीक झालीस. काय डाएट करतेस?" मी अगदी खूश. हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये आयुष्य खुर्चीवर बसून गेलं, तिथे कोण बारीक होतंय. मी आपली भाव खात होते, भात सोडला म्हणून सांगत होते. भात सोडला नव्हता, भात जात नव्हता. पाठ दुखायची त्याचा दोष मी खुर्चीला देत होते.

मग एका सकाळी ऑफिसच्या लिफ्टच्या आरशात माझे डोळे पिवळे दिसले. नवऱ्याला, नितीनला, फोटो काढून पाठवला. तो तांजोंग पगारला बँकेत आहे, मीटिंगमध्ये होता. त्याचं उत्तर आलं, "लिफ्टचा लाइट पिवळा असेल." दुपारी त्याचाच फोन आला की डॉक्टरकडे जा.

निदानाच्या दिवशी डॉक्टर लिमनी बोलायच्या आधी टेबलावरचा टिश्यूचा डबा माझ्या बाजूला सरकवला. तरुण डॉक्टर, आमच्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठा. डबा सरकवताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हाच मला कळलं. पुढचं सगळं बोलणं स्वादुपिंड, लिव्हर, ऑपरेशन होण्यासारखं नाही, असं कानावर येत गेलं. नितीन प्रश्न विचारत होता, हातात पेन धरून, जसं काही कोणाच्या कर्जाची फाइल आहे. मी तो डबा बघत होते. मला एकही टिश्यू लागला नाही आणि याचाच मला नंतर राग आला.

खाली फूड कोर्टात नितीनने दोन चहा सांगितले आणि ते काउंटरवरच विसरून तो माझ्यासमोर येऊन बसला. शेवटी काउंटरवरच्या मावशींनीच चहा आणून ठेवला.

सानू

आमची एकुलती एक मुलगी सानिका, घरात सानू. वाढली इथेच. शाळेत असताना मॉलमधल्या छोट्याशा बर्फाच्या रिंकवर हॉकी खेळायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. या गावात बारा महिने घाम पुसायचा आणि पोरगी निघालीय बर्फावर. पण खूळ गेलं नाही. कॅनडात जाऊन फिजिओथेरपी शिकली आणि बरोबर माझ्या निदानाच्याच सप्टेंबरात तिला तिथल्या एका लहान गावच्या व्यावसायिक संघात नोकरी लागली. टीव्हीवर दिसतात त्या बड्या लीगच्या खालची लीग, पण पगारी खेळाडू, करार, बसने गावोगाव दौरे, सगळं रीतसर. संघाच्या जर्सीवर बीव्हर नावाचा प्राणी आहे. नितीनने तो बघितल्या बघितल्या म्हटलं, "ही तर घूस." तेव्हापासून घरात संघाचं नाव घूसच.

आजाराचं सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "आय ॲम कमिंग होम," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, मुळीच नाही. इतकी वर्षं ज्यासाठी घासलीस ते आत्ता सुरू होतंय. सीझन पूर्ण कर. मी कुठे पळून चालले नाहीये.

हे मी मोठ्या तोऱ्यात बोलले. तेव्हा केमो सुरू व्हायचा होता आणि डॉक्टर म्हणत होते की औषधाने काही काळ आटोक्यात राहू शकेल. 'काही काळ' हे शब्द ऐकताना माणूस त्यात आपल्याला हवा तेवढा काळ घालतो.

"ओके," सानू म्हणाली, "सीझन एप्रिलमध्ये संपतो. प्लेऑफला गेलो तर जूनपर्यंत. बट आई, आमची टीम सो लाउझी, एप्रिल लाह." हा 'लाह' इथल्या इंग्रजीचा, आणि प्लेऑफ म्हणजे चषकासाठीची बाद फेरी.

नवस

नितीन देवधर्म करणारा माणूस नाही. आरतीला टाळ हातात दिला तर घड्याळाकडे बघतो. पण त्या आठवड्यात त्याने हॉकीबद्दल कुठेतरी वाचलं की खेळाडू चषक मिळेपर्यंत दाढी करत नाहीत. झालं. सीझनच्या पहिल्या दिवशी सकाळी आंघोळ करून तो स्वयंपाकघरातल्या छोट्या पितळी गणपतीसमोर उभा राहिला. सानूची टीम चषक उचलेपर्यंत मी दाढी करणार नाही, तू मेधाला बरं कर, असं मोठ्याने बोलला. मी मागे चहा गाळत होते. मला आधी वाटलं, फोनवर कोणाशी बोलतोय.

दोन आठवड्यांनी सानूने व्हिडिओ कॉलवर बघितलं. "बाबा, व्हाय यू लुक लाइक दॅट?"

त्याने अभिमानाने सांगितलं. पलीकडे तिला हसू आवरेना. "बाबा, दॅट वन ओन्ली प्लेऑफ्स लाह. आत्ता ऑक्टोबर आहे. आमची सगळी पोरं क्लीन शेव्ह्ड आहेत."

नितीनचा हात गालावर गेला तो तिथेच राहिला. मी इतकी हसले की काविळीसाठी पोटात बसवलेली नळी दुखायला लागली. निदानानंतर पहिल्यांदा हसले होते.

"मग टाक काढून," मी म्हटलं. "चुकीच्या मुहूर्ताचा नवस देव धरत नाही."

"बोललो ते बोललो," नितीन म्हणाला. "देवाला कुठे माहितीय प्लेऑफ कधी असतात."

आणि मग या दमट हवेत त्या माणसाने दाढी वाढवली. तीस वर्षं रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून टाय लावणारा माणूस. ऑफिसात एकाने हळूच विचारलं म्हणे, धार्मिक कारण आहे का. हा म्हणाला, "नो नो, स्पोर्ट्स."

थंडी

आता केमोचं. मोठमोठी नावं सांगत नाही, ती तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील. मला जे औषध होतं त्याने थंडी सोसत नाही. सोसत नाही म्हणजे काय, हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. पहिल्या फेरीनंतर घरी आले, फ्रिजमधून दही काढायला गेले आणि भांडं हातातून सुटलं. बोटांत टाचण्या भरल्यासारखं झालं. गार पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळून आला, श्वास अडकतोय की काय असं वाटून तोंडचं पाणी पळालं. ज्यांना हे औषध सुरू होणार आहे त्यांनी फ्रिजच्या दाराला लोकरी हातमोजे अडकवून ठेवा, आणि घरच्यांनी चेष्टा केली तर करू द्या.

सिंगापूरमध्ये बाहेर उकडतं आणि आत गोठतं. एमआरटी म्हणजे इथली मेट्रो, हॉस्पिटल, दुकानं, सगळीकडे एसी. सानूने पार्सल पाठवलं: घूस छापलेली लोकरी टोपी, हातमोजे, मफलर. भर दुपारी घामाने निथळणाऱ्या लोकांत मी तो सगळा साज चढवून एमआरटीत बसायची, शेजारी दाढीवाला नितीन. लहान मुलं टक लावून बघायची. एका आजीने उठून मला जागा दिली आणि स्वतः लांब जाऊन उभी राहिली.

दर फेरीला वॉर्डात सकाळची खुर्ची, सिस्टर हमीदाचं "आंटी, डेट ऑफ बर्थ?" आणि मग कमरेला औषधाच्या पंपाचं पाऊच बांधून घरी. दोन दिवस ते पाऊच माझ्याबरोबर जेवायचं, झोपायचं. सिस्टर हमीदा दर वेळी विचारायची, दुखणं शून्य ते दहामध्ये किती. नितीन शेजारी बसलेला असायचा, हात मांडीवर, डोळे माझ्या तोंडाकडे. मी म्हणायची, दोन.

सकाळचे सामने

तिकडची संध्याकाळ म्हणजे इथली दुसऱ्या दिवशीची सकाळ. त्यामुळे आमचे सामने नाश्त्याला असायचे. नितीन लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, पोहे करायचा आणि ऑफिसला उशिरा जायचा. मला चार घास गेले तर गेले.

खेळ आम्हाला काही कळत नव्हता. ती रबराची काळी चकती तर मला सबंध महिनाभर दिसलीच नाही. आम्ही बघायचो खेळाडूंच्या बाकाच्या मागे. तिथे सानू उभी असायची, खांद्यावर टॉवेल, तोंडात च्युइंगगम. च्युइंगगमवर बंदी असलेल्या या देशात वाढलेल्या पोरीच्या तोंडात ते बघून नितीन दर वेळी तोंड वाकडं करायचा. कॅमेरा तिच्यावर दोन-तीन सेकंद थांबायचा. एखादा खेळाडू आपटला की मात्र ती बर्फावर धावत यायची आणि नीट दिसायची. खरं सांगते, मी कोणीतरी पडायची वाट बघायची. परक्या आईच्या पोराने आपटावं म्हणजे माझी पोर मला दिसेल, असा हा हिशेब.

घूस हरायची. नुसती हरायची नाही, नियमाने हरायची. नितीन रविवारी गणपतीला फूल वाहून विचारायचा, अरे काय चाललंय तुझं. आणि मग जानेवारी संपता संपता काय झालं कोण जाणे, पोरं जिंकायला लागली. एक सामना, दुसरा, तिसरा. आपल्याकडे चायनीज न्यू इयरच्या सुट्ट्या, सगळं शहर लाल, आणि आमच्या घरात नितीन पोह्यांचा चमचा हवेत नाचवतोय. कोणत्या संघांनी हरायला हवं म्हणजे आपण प्लेऑफला जाऊ, हे त्याने पाठ केलं होतं.

त्याच आठवड्यात स्कॅन झाला.

हरण्याची वाट बघणारी

डॉक्टर लिम म्हणाले, या औषधाचा उपयोग थांबलाय. लिव्हरमध्ये वाढलंय. दुसरं एक औषध आहे, पण फारच थोड्या लोकांना त्याने फरक पडतो.

मी विचारलं, "घेतलं तर किती आणि नाही घेतलं तर किती?"

या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं. फरक पडलाच तर काही आठवड्यांचा, म्हणाले, आणि ते आठवडे सोपे नसतील. दोन्हीकडे गणित उन्हाळ्याच्या पुढे जात नाही. उन्हाळा हा शब्द त्यांनी कुठून आणला कोण जाणे, इथे कुठला उन्हाळा. तिकडचा जून-जुलै धरला असणार.

"व्हेन कॅन वी स्टार्ट?" माझ्या आधी नितीनने विचारलं.

घरी येऊन चपला काढल्या काढल्या बोलले. "नितीन, मला दुसरं औषध नको. मला सानू घरी यायला हवीय आणि मला डोकं ताळ्यावर असताना तुम्हा दोघांबरोबर बसायचंय. जेवढे दिवस आहेत तेवढे. बाकी मला काही नको."

"सानू येणारच आहे."

"कधी? घूस प्लेऑफला गेली तर जूनमध्ये. मी जूनमध्ये असेन का? आणि असले तरी कशी असेन?"

"मग तिला आत्ताच बोलावून घे."

"मीच तिला सीझन पूर्ण कर म्हटलंय. अर्ध्यावर सोडून आली तर ती नोकरी परत नाही. आणि आई गेल्यावर तिच्या हातात काय राहणार, ते सांग." मग जे बोलायचं नव्हतं तेही बोलून टाकलं. "मी रोज सकाळी गणपतीला सांगते, घूस हरू दे. एप्रिलमध्ये हरून घरी येऊ दे पोरीला."

नितीनचा चेहरा दाढीत असा बुजला होता की त्यावर काय चाललंय ते मला आता वाचता येत नव्हतं. तो इतकंच म्हणाला, "मी जिंकायचा नवस बोलतो आणि तू त्याच देवाला हरायचं सांगतेस?"

"हो."

"कमाल आहे तुझी, मेधा." आणि तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिला. तो रडताना नळ सोडतो. लग्न झाल्यापासून मला माहितीय आणि मला माहितीय हे त्याला माहीत नाही.

दुसरं औषध मी सुरू केलं. त्याच्यासाठी केलं. आजाऱ्याने घरच्यांसाठी औषध घ्यावं का, यावर मी तुम्हाला काही सल्ला देणार नाही. मी घेतलं आणि दर गुरुवारी ते घ्यायला खुर्चीत बसले की मला त्याचा राग यायचा. उलट्यांनी नाकी नऊ आले. तोंडात फोड. सकाळ कुठे संपली आणि दुपार कुठे लागली कळायचं नाही. सिस्टर हमीदा विचारायची, आंटी, झिरो टू टेन? दोन, मी म्हणायची.

रिकामा गोल

मार्चमधल्या एका सकाळी सगळं ठरायचं होतं. हा सामना हरले तर घूस प्लेऑफच्या बाहेर, गणितानेच बाहेर. मी सोफ्यावर आडवी, मांडीशी बादली. नितीनने पोहे केलेच नव्हते.

आमची पोरं एका गोलने मागे होती. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आमचा गोलकीपर जागा सोडून सरळ बाकाकडे निघाला आणि त्याच्या जागी एक जास्तीचा खेळाडू पुढे धावला.

"अरे, हे काय," नितीन उठून उभाच राहिला. "घर उघडं टाकून कुठे चाललाय हा?"

सानूने मागे एकदा सांगितलं होतं ते मला आठवलं. हरतच असलो की असं करतात. तसंही हरणार, मग सगळे पुढे पाठवायचे.

नितीन टीव्हीच्या अगदी जवळ गेला. पोरं जीव तोडून मारत होती. मग दुसऱ्या बाजूच्या एकाने ती चकती नुसती ढकलून दिली. ती लांबून, अगदी सावकाश, सबंध बर्फ ओलांडून आमच्या रिकाम्या गोलात गेली. त्या दिवशी मला ती स्पष्ट दिसली. तिच्या मागे कोणी धावलंसुद्धा नाही.

मला हेच हवं होतं. तरी मला आनंद झाला नाही. बाकाच्या मागे सानू एका खेळाडूच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं, लहानपणी रडू दाबायची तसं.

"आता नवस फिटायचा नाही," नितीन म्हणाला. गणपतीला नाही, मलाही नाही, टीव्हीलाच. त्याला वाटत होतं की सामने आता थांबतील. सानूने फोनवर सांगितलं, नाही, उरलेले सगळे खेळायचे असतात. तिकिटं विकली गेलेली असतात, लोक येतात. हरलेला संघही शेवटच्या दिवसापर्यंत बर्फावर उतरतो. "कशासाठी?" नितीनने विचारलं. सानू म्हणाली, "जस्ट लाइक दॅट, बाबा. स्केड्यूल आहे."

त्याची दाढी तशीच राहिली.

शेवटची तपासणी

एप्रिलमध्ये, निघायच्या आदल्या दिवशी, सानूचा फोन आला. आवाज बसलेला होता. दिवसभर पोरांची शेवटची तपासणी होती म्हणाली. सीझन संपला की लॉकर रिकामे करतात आणि प्रत्येक जण येऊन फिजिओला कुठे दुखतंय ते सांगतो. एकाचं बोट डिसेंबरपासून मोडलेलं होतं. एकाच्या दोन बरगड्यांना तडे गेले होते आणि तो तसाच खेळत होता. सीझनभर विचारलं की म्हणायचे, आय ॲम गुड.

"मग आजच का सांगितलं?" मी विचारलं.

"फिनिश ऑलरेडी, आई. आता खोटं बोलून काय मिळणार?"

ती आली. चांगी विमानतळावर नितीन एकटाच गेला, मला उठवत नव्हतं. दारात तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा जो पडला तो सावरायला तिला वेळ लागला. बॅग तिथेच टाकून माझ्याशेजारी आडवी झाली, बुटांसकट. माझा जीव भांड्यात पडला होता, एवढंच मला त्या वेळचं आठवतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खांद्यावर टॉवेल टाकून माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली. बाकाच्या मागे उभी राहायची तशीच दिसत होती. "ओके, आई. सीझन ओव्हर. झिरो टू टेन."

नितीन चहा घेऊन दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

"सात," मी म्हटलं. "कधी कधी आठ."

"सिन्स व्हेन?"

"चायनीज न्यू इयरपासून."

नितीनने कप खाली ठेवला. "दोन म्हणायचीस तू."

"तू शेजारी बसायचास ना."

सानूने माझी पाठ, पोट, पाय सगळं हात लावून विचारलं आणि मी सगळं सांगितलं. पाठ कशी जळते. अन्नाचा वास कसा नकोसा होतो. मला मरायची भीती वाटते, पण त्या गुरुवारच्या खुर्चीची जास्त वाटते. पोरीच्या तोंडावर हे बोलायला मन घट्ट करावं लागलं. तिने मान हलवत ऐकलं. डोळे भरून आले होते, पण मान हलवत राहिली.

"बाबा, युअर टर्न."

"मला काय धाड भरलीय."

"बाबा."

तो कपाटाजवळच्या स्टुलावर बसला. मग त्याने हनुवटी वर करून दाढी बाजूला केली. खाली सबंध गळा लालबुंद. पुरळ, खाजवून फुटलेलं, काही ठिकाणी रक्ताच्या खपल्या. सहा महिने हा माणूस माझ्या शेजारी बसत होता आणि मला काही दिसलं नव्हतं.

"आणि झोप लागत नाही," तो म्हणाला. "मी झोपलो आणि तेवढ्यात ही गेली तर." त्याने नळ सोडायला उठायचा प्रयत्न केला. सानूने त्याला स्टुलावरच धरून ठेवलं आणि तो आमच्या दोघींसमोर रडला.

त्याच सकाळी बाल्कनीत तिने कात्रीने त्याची दाढी उतरवली. मग त्याने स्वतः साबण लावून, दुखऱ्या जागा चुकवत चुकवत, गाल गुळगुळीत केले. आत आला तेव्हा मी त्याला ओळखायला क्षणभर थांबले. गाल बसले होते, खालचा अर्धा चेहरा वरच्या अर्ध्यापेक्षा गोरा. म्हातारा दिसत होता. माझा नितीन मला ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा दिसत होता.

त्याने गणपतीसमोर फक्त हात जोडले. मग फोन उचलला, हॉस्पिटलचा नंबर लावला आणि माझी जन्मतारीख सांगितली. म्हणाला, "थर्सडे अपॉइंटमेंट, प्लीज कॅन्सल." तिकडून विचारलं असावं, नवी तारीख कधीची देऊ. "नो नीड," तो म्हणाला, आणि फोन ठेवून माझ्या पायाशी येऊन बसला.

आता

शेवटच्या दिवसांची काळजी घेणाऱ्या हॉस्पिसची नर्स घरी येते. मॉर्फिनचं औषध चमच्याने घेते, त्याला मी कोकम म्हणते. दुखणं तीनवर असतं, खरं तीन. भूक नाही. पायाला सूज आहे आणि खोलीतून हॉलमध्ये यायला भिंत लागते. आशा वगैरे विचाराल तर नाही. ज्यांच्या घरात हे चालू असेल त्यांना मी एवढंच सांगते की शेजारी बसलेल्या माणसाला आकडा खरा सांगा. मी फार उशिरा सांगितला.

मात्र ते पहिलं औषध थांबल्यापासून थंडी बोचायची हळूहळू कमी झाली. बोटं बधिर आहेत, पण गार सोसतं. परवा सानू म्हणाली, आई, आईस कचांग खायचा का? मला व्हीलचेअरवर बसवून दोघं खाली हॉकर सेंटरला घेऊन गेले. किसलेल्या बर्फाचा तो ढीग, त्यावर लाल-हिरवी सरबतं, खाली गोड लाल बिया आणि जेलीचे तुकडे. सप्टेंबरपासून मी बर्फ तोंडात घेतला नव्हता. पहिला चमचा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून बसले.

डोळे उघडले तर सानूने टेबलावर फोन उभा केला होता. दुसऱ्याच दोन संघांचा प्लेऑफचा सामना चालू होता. सगळ्या पोरांची दाढी वाढलेली. नितीन आपल्या गुळगुळीत गालावर हात फिरवत बघत होता.

"हे कधीपर्यंत चालणार?" त्याने विचारलं.

"जून," सानू म्हणाली, आणि म्हटल्यावर तिने ओठ आत घेतले.

शेजारच्या टेबलावर कोणीतरी खुर्ची ओढली. नितीनने फोन उलटा ठेवला आणि वाटी माझ्या बाजूला सरकवली.

"खा," तो म्हणाला. "वितळतंय."